चंचल मुलाला उत्तेजक औषध का?

आधीच एका जागी न टिकणाऱ्या मुलाला उत्तेजक गोळी द्यायची, हे ऐकून आई-वडील दचकतात. साहजिकच आहे. एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणे आणि अतिचंचलता या विकारावरच्या औषधांचा अभ्यास करणारेही अनेक वर्षे याच कोड्याभोवती घुटमळत होते. टेमघरच्या वस्तीतले पालक, भिवंडीतल्या शाळांचे शिक्षक आणि नव्याने दवाखाना सुरू केलेले डॉक्टर या अभ्यासशाखेच्या दाराशी आले, तर त्यांना आत घेताना पहिल्यांदा हे कोडेच उलगडून दाखवावे असे मला वाटते.

सुरुवात अपघाताने झाली. १९३७ साली अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात चार्ल्स ब्रॅडली या डॉक्टरांनी वर्तनाच्या तक्रारी असलेल्या ३० मुलांना आठवडाभर बेन्झेड्रिन हे अँफेटामाइन दिले. मेंदूच्या तपासणीनंतर उठणारी डोकेदुखी कमी व्हावी हा त्यांचा मूळ हेतू होता, असे सांगतात. झाले वेगळेच. जवळपास निम्मी मुले अभ्यासात झपाट्याने सुधारली आणि मुलेच त्या औषधाला गणिताच्या गोळ्या म्हणू लागली. पुढे १९४४ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीत लेआंद्रो पानिझोन यांनी मिथाइलफेनिडेट तयार केले. पत्नी मार्गरिट हिच्या रीटा या लाडक्या नावावरून ते रिटालिन म्हणून बाजारात आले. भारतात एडीएचडीसाठी आज प्रामुख्याने दिले जाणारे उत्तेजक औषध हेच.

चंचल मुलांच्या मेंदूत हे औषध उलटे काम करते, म्हणून ती शांत होतात, असा समज बराच काळ टिकला. १९७८ मध्ये जुडिथ रॅपोपोर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोणतीही तक्रार नसलेल्या १४ मुलांना डेक्स्ट्रोअँफेटामाइनचा एक डोस दिला. त्यांचीही चुळबुळ कमी झाली आणि लक्ष वाढले. कोड्यातला ‘उलटेपणा’ इथे संपला. याचा एक व्यावहारिक अर्थ आहे आणि तो नव्या डॉक्टरांनी पक्का लक्षात ठेवावा: गोळीने फरक पडला म्हणजे निदान बरोबर होते, असे ठरत नाही. निदान घर आणि शाळा दोन्हीकडची हकीकत ऐकून, लक्षणे लहान वयापासूनची आहेत का हे पाहूनच करावे लागते.

मग गोळी करते काय? कपाळामागचा मेंदूचा भाग आपल्याला थांबायला, एक गोष्ट मनात धरून ठेवायला आणि दुसरी बाजूला सारायला मदत करतो. तिथल्या चेतापेशींना डोपामाइन आणि नॉरॲड्रेनॅलिन ही दोन रसायने ठरावीक प्रमाणात लागतात. एक पेशी रसायन सोडते, पलीकडची ते टिपते आणि उरलेले रसायन वाहक प्रथिने पुन्हा आत खेचून घेतात. मिथाइलफेनिडेट या वाहकांना अडवते, त्यामुळे रसायन पेशींमधल्या फटीत थोडे जास्त वेळ राहते. अँफेटामाइन याच्या पुढे जाऊन साठवलेले रसायन बाहेरही काढते. एक बारकावा मला फार महत्त्वाचा वाटतो. कपाळामागच्या भागात डोपामाइनचे स्वतःचे वाहक कमी असतात आणि तिथले डोपामाइन बहुतांशी नॉरॲड्रेनॅलिनचे वाहकच उचलतात. म्हणून लहान डोसचा परिणाम मुख्यतः याच भागात दिसतो.

भिवंडीच्या यंत्रमाग कारखान्यात दोन कामगार बोलताना पाहावेत. मागांच्या खडखडाटात बोलणारा दुसऱ्याच्या कानाशी तोंड नेतो. बोलणे नीट पोहोचायचे तर ते कानाजवळून यावे आणि शेजारचे माग थांबावेत. मेंदूतही तसेच. नॉरॲड्रेनॅलिन अल्फा-२ए ग्राहींवर (ग्राही म्हणजे रसायन टिपणारी प्रथिने) पहिले काम करते, म्हणजे हवा तो संदेश ठळक करते. डोपामाइन डी-१ ग्राहींवर दुसरे काम करते, म्हणजे नको असलेला गलका कमी करते. एमी आर्नस्टेन यांच्या संशोधनाने ही मांडणी रूढ केली. मात्र दोन्ही रसायने गरजेपेक्षा वाढली की तोच भाग मंदावतो. मूल गप्प, निर्विकार होते, एकाच गोष्टीत अडकून पडते. काही पालकांना असे गप्प झालेले मूल ‘सुधारले’ असे वाटते. तो डोस जास्त झाल्याचा इशारा असू शकतो. डॉक्टरांना ताबडतोब सांगावे.

व्यसनाची भीतीही याच रसायनशास्त्राने समजून घेता येते. नोरा व्होल्को यांच्या पेट-स्कॅन अभ्यासांत दिसले की तोंडाने घेतलेले मिथाइलफेनिडेट मेंदूत शिखराला पोहोचायला तासभर तरी घेते, तर शिरेतून दिलेले काही मिनिटांतच पोहोचते. नशा येते ती या वेगाने. ठरवून दिलेली गोळी गिळणे आणि तेच औषध नशेसाठी वापरणे यांत म्हणूनच मोठे अंतर आहे. तरी गोळ्या घरातल्या मोठ्यांच्या ताब्यात असाव्यात.

साध्या गोळीचा परिणाम तीन-चार तासच टिकतो. शाळा दुपारी भरत असेल आणि सकाळी सातला गोळी दिली, तर पहिली घंटा होईपर्यंत ती संपलेली असते. मग शिक्षक म्हणतात, काही फरक नाही. हळूहळू सुटणाऱ्या गोळ्या जास्त तास चालतात, पण त्या तोडून किंवा चावून द्यायच्या नसतात. भूक मंदावते, डबा तसाच परत येतो, म्हणून पोटभर खाल्ल्यावर गोळी द्यावी आणि परिणाम ओसरल्यावर संध्याकाळी पुन्हा नीट जेवू घालावे. उशिरा दिलेली गोळी झोप उडवते. नाडी, रक्तदाब, उंची आणि वजन प्रत्येक भेटीत मोजले जावे, आणि घरात कुणाला हृदयविकार असेल तर ते आधीच सांगावे.

औषध मिळवण्याची वाटही माहीत हवी. मिथाइलफेनिडेट १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली येते आणि औषध नियमांच्या अनुसूची एक्समध्येही आहे. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, त्यातली एक दुकानदार दोन वर्षे जपून ठेवतो. विक्रीला वेगळा परवाना लागत असल्याने कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये ते सहसा नसते. गोळ्या संपायच्या आधी सोय करावी. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी यादीत एडीएचडी आहे. सरकारी आणि अनुदानित शाळांत पथक येते तेव्हा शिक्षकांनी अशा मुलांची नावे आवर्जून पुढे करावीत. पुढच्या तपासणीसाठी ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासून आहे. तिथे जायला संकोच वाटतो हे मी समजू शकतो, पण त्या संकोचापायी मुलाची वर्षे जाऊ नयेत.

औषधाची मर्यादाही सांगितली पाहिजे. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात ५७९ मुले होती. १४ महिन्यांत मूळ लक्षणांवर काटेकोर औषधोपचार केवळ वर्तनोपचारापेक्षा सरस ठरला, आणि दोन्ही एकत्र दिले तेव्हा कमी डोस पुरला. तीन वर्षांनी मात्र गटांमधला फरक पुसट झाला. गोळी पाढे शिकवत नाही. ती पाढे शिकता येतील असे काही तास देते, आणि त्या तासांत शिकवणारे कुणीतरी लागते.

वाचकांना माझी विनंती एवढीच: घरात एक वही ठेवा. गोळी किती वाजता दिली, वर्गात कोणत्या तासाला लक्ष होते, डबा किती खाल्ला, झोप कधी लागली, हे रोज लिहा आणि ती वही डॉक्टरांकडे न्या. या औषधाचा डोस रक्ताच्या तपासणीतून ठरत नाही, तुमच्या नोंदींवरून ठरतो.