ऊन, मुडदूस आणि नाशिकची मुलं

पाऊस ओसरला, आकाश मोकळं झालं की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, शनिवार-रविवार आम्ही दोघंही घरी असतो. दीड वर्षाच्या बाळाला बाहेर खेळायला न्यावं का? की ऊन लागेल, काळवंडेल? त्यापेक्षा घरातच बरं ना?" सोबत आलेल्या आजी म्हणतात, "सकाळी सातचं कोवळं ऊन दिलं की झालं."

उत्तर देण्याआधी तुम्हाला थोडा इतिहास सांगतो. लहान मुलाला उन्हात का न्यायचं, हे समजायला वैद्यकशास्त्राला पावणेतीनशे वर्षं लागली. आणि ते समजण्यात आपल्या नाशिकचाही वाटा आहे.

चालायला शिकण्याच्या वयातला आजार

मुडदूस हा शब्द तुम्ही ऐकला असेल. या आजारात वाढत्या मुलाची हाडं मऊ राहतात. मूल चालू लागलं की अंगाच्या वजनाने पाय धनुष्यासारखे बाकतात. मनगटं जाड दिसतात, टाळू उशिरा भरते, दात उशिरा येतात. हाडं झपाट्याने वाढतात ती पहिल्या दोन-तीन वर्षांत, म्हणून हा आजारही याच वयात जास्त दिसतो.

डॅनिएल व्हिसलर या इंग्रज डॉक्टरने १६४५ साली यावर प्रबंध लिहिला. पाच वर्षांनी फ्रान्सिस ग्लिसनने मोठा ग्रंथ लिहिला. लक्षणं दोघांनी नीट टिपली, पण कारण कुणालाच सापडलं नाही. पुढे इंग्लंडमध्ये कारखाने आले. दाट वस्ती, अरुंद गल्ल्या आणि कोळशाच्या धुराने झाकलेलं आकाश, अशा शहरांत मुडदुसाची मुलं घरोघरी दिसू लागली. कुणी म्हणे हा आनुवंशिक आजार आहे, कुणी म्हणे कोंदट हवेचा, कुणी म्हणे निकृष्ट अन्नाचा.

थिओबाल्ड पाम नावाचा डॉक्टर जपानमध्ये बरीच वर्षं काम करून ब्रिटनला परतला. जपानमध्ये न दिसलेला मुडदूस त्याला मायदेशी मात्र जागोजागी दिसला. त्याने वेगवेगळ्या देशांत काम करणाऱ्या मिशनरी डॉक्टरांकडून माहिती मागवली आणि १८९० साली लिहिलं, की जिथे ऊन भरपूर तिथे हा आजार नाही, मग लोक कितीही गरीब असोत. त्यामुळे मुलांना उन्हात न्या, असा त्याचा सल्ला होता. त्याच्याकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही.

दिवा, तेल आणि नाशिक

पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा बर्लिनमध्ये मुलांची उपासमार झाली होती. तिथे कुर्ट हुल्डशिन्स्की या डॉक्टरने मुडदूस झालेल्या मुलांना अतिनील किरणांच्या दिव्याखाली ठेवलं. काही आठवड्यांनी एक्स-रे काढले, तर हाडं भरून येत होती. त्याने एकाच हातावर किरण सोडून पाहिले, तेव्हा दुसऱ्या हाताचं हाडही सुधारलं! म्हणजे त्वचेत असं काहीतरी तयार होत होतं, जे रक्तातून सगळ्या शरीरात पोहोचत होतं.

त्याच सुमारास लंडनमध्ये एडवर्ड मेलनबी याने कुत्र्याच्या पिल्लांवर प्रयोग केले आणि कॉड माशाच्या यकृताच्या तेलाने मुडदूस टळतो हे दाखवलं. आता प्रश्न पडला, की हा आजार उन्हाचा की अन्नाचा?

१९२२ साली हचिसन आणि शाह या दोन डॉक्टरांनी नाशिक भागातला आपला अभ्यास प्रसिद्ध केला. मुडदूस त्यांना कुठे सापडला? खाऊन-पिऊन सुखी असलेल्या, पण गोषा पाळणाऱ्या घरांत. तिथल्या बायका आणि लहान मुलं दिवसदिवस घराबाहेर पडत नसत. उलट कष्टकऱ्यांच्या मुलांचं खाणं साधं आणि अपुरं असूनही ती आईबरोबर उघड्यावर वाढत, आणि त्यांच्यात हा आजार नव्हता. युरोपात "गरिबांचा" म्हटला जाणारा आजार आपल्याकडे सुखवस्तू घरांत निघाला. दोन्हीकडे समान गोष्ट एकच होती: मूल उन्हात जात नव्हतं.

त्याच वर्षी अमेरिकेत मॅकॉलम आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की कॉडच्या तेलात मुडदूस बरा करणारा एक वेगळा घटक आहे. ए, बी, सी ही नावं आधीच दिलेली होती, म्हणून त्याला 'डी' नाव मिळालं. तेच जीवनसत्त्व ऊन पडल्यावर त्वचेतही तयार होतं. त्यामुळे ऊन आणि अन्न, दोन्ही बाजू बरोबर निघाल्या.

आजचा गोषा

आता आपल्या घराकडे बघा. पाचवा मजला, सरकत्या काचा, पडदे, एसी, हातात मोबाइल. त्वचेत ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण खिडकीच्या काचेतून आत येत नाहीत. काचेआड ऊन कितीही लख्ख दिसलं, तरी हाडांना त्याचा उपयोग नाही. मुडदुसाचं मूल मला आजही अधूनमधून दिसतं, आणि ते बहुधा खाणंपिणं व्यवस्थित असलेल्या घरातलं असतं.

आणि आजींचं कोवळं ऊन? मायेने दिलेला सल्ला आहे, पण सकाळी सातच्या तिरप्या उन्हात हे किरण अगदी थोडे असतात. सोपी खूण सांगतो. मुलाची सावली त्याच्या उंचीएवढी किंवा त्याहून आखूड असेल, तेव्हा ऊन कामाचं. नवरात्राच्या सुमारास महाराष्ट्रात ही वेळ दहाच्या आसपास सुरू होते.

तेव्हा या शनिवारी दहाच्या सुमारास मुलाला जवळच्या बागेत, मैदानात किंवा शेताच्या बांधावर न्या. हातपाय उघडे ठेवा, डोक्यावर टोपी घाला, पाणी पाजा. सुरुवात दहा मिनिटांनी करा, मग वीस-पंचवीस मिनिटं पुरेत. सावळ्या त्वचेला जरा जास्त वेळ लागतो. त्वचा लाल होण्याआधी सावलीत या, कारण ऑक्टोबरचं ऊन चटका देतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मात्र थेट उन्हात ठेवू नका.

रविवारी घरी असाल तर गच्चीवर जा. हाडांना कॅल्शियमही लागतं, म्हणून दूध, दही, नाचणीची खीर रोजच्या खाण्यात असू द्या.

एक इशारा मात्र लक्षात ठेवा. बाळाला पहिल्या वर्षी डॉक्टर रोज ४०० युनिटचे ड जीवनसत्त्वाचे थेंब देतात, ते जरूर द्या. पण मोठ्यांसाठी आणलेलं ६०,००० युनिटचं पाकीट मनाने मुलाला देऊ नका. १९५०च्या दशकात ब्रिटनमध्ये बाळांच्या दुधात आणि खाण्यात हे जीवनसत्त्व जास्त घातलं जात होतं. तेव्हा काही बाळांच्या रक्तातलं कॅल्शियम धोकादायक वाढलं आणि सरकारला ते प्रमाण कमी करावं लागलं. गोळीचा डोस चुकू शकतो. उन्हातून मिळणाऱ्या ड जीवनसत्त्वाचं तसं होत नाही, कारण गरजेपुरतं झालं की त्वचा स्वतःच थांबते.

मूल दीड वर्षाचं होऊनही चालत नसेल, पाय बाकदार वाटत असतील, मनगटं जाड दिसत असतील, तर "होईल आपोआप" म्हणून थांबू नका. वेळेवर उपचार झाले तर हाडं बहुधा सरळ होतात.

बाकी या वयाच्या मुलांना आपल्या सावलीमागे धावायला फार आवडतं. त्याला धावू द्या, आणि सावली किती आखूड झाली ते तुम्ही बघा.