गणेशपट्टी आणि चुना : बऱ्हाणपूरच्या दर्शनी भिंतींविषयी

‘तुम्ही मूळचे कुठले?’ हा प्रश्न आम्हा बऱ्हाणपूरच्या मराठी घरांना पिढ्यान्‌पिढ्या विचारला जातो. रावेर-जळगावकडच्या सोयऱ्यांच्या लेखी आम्ही ‘एमपीवाले’, आणि भोपाळला गेलो की ‘महाराष्ट्रातले’. १९५६ साली राज्यांच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि निमाड मध्य प्रदेशात राहिला. तेव्हापासून ही दुहेरी ओळख आमच्या पाठीशी आहे. पण आम्ही कुठले, याचा पुरावा कागदापेक्षा या शहराच्या दगड-विटांत जास्त आहे, आणि तो पुरावा आज पुसट होत चालला आहे. म्हणून यंदाच्या स्मरणिकेत हा विषय घेतला आहे.

तापीकाठी हे शहर फारुकी सुलतानांनी वसवले आणि खुलताबादचे सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचे नाव त्याला दिले. १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला आणि खानदेश मोगलांकडे गेला. त्यानंतर बऱ्हाणपूर हे दख्खनचे दार झाले. पुरंदरच्या तहाने आपल्याला परिचित असलेला मिर्झाराजा जयसिंग १६६७ मध्ये इथेच वारला. त्याची छत्री आजही उभी आहे. १६८१ च्या आरंभी संभाजी महाराजांच्या फौजेने इथल्या बहादूरपुऱ्यावर छापा घातला. १७६० च्या उदगीरच्या लढाईनंतर निजामाने हे शहर पेशव्यांना दिले, पुढे ते शिंद्यांकडे आले. १८०३ मध्ये इंग्रजांनी ते जिंकले, तहाने परत केले आणि १८६० मध्ये कायमचे आपल्याकडे घेतले. म्हणजे मराठी अंमल शंभर वर्षांचा, आणि मराठी वस्ती त्यानंतरही टिकलेली.

हा सगळा इतिहास वास्तूंच्या बाहेरच्या अंगावर वाचता येतो. जामा मशिदीचेच पाहा. राजा अली खान फारुकीने ती सोळाव्या शतकाच्या शेवटी बांधून पुरी केली. पंधरा कमानींचा दर्शनी भाग आणि दोन टोकांना दोन मिनार. आत अरबी लेखासोबत देवनागरीतला संस्कृत लेख आहे. त्यात फारुकी राजांची वंशावळ आहे आणि विक्रम संवत् १६४६, शके १५११ अशी आपल्या पंचांगातली कालगणना आहे. पुढे अकबराच्या विजयाचा फारसी लेखही याच मशिदीत कोरला गेला. एका वास्तूवर तीन भाषा. उद्या कुणी हौसेने त्यावरून रंगाचा ब्रश फिरवला, तर भिंत स्वच्छ दिसेल, पण एक दस्तऐवज गेलेला असेल.

शहराच्या तटाचेही तसेच. पहिल्या निजामाने, म्हणजे आसफजाहाने, १७३१ च्या सुमारास हा विटांचा तट बुरुजांसह बांधून घेतला. शनवारा आणि इतवारा ही दरवाज्यांची नावे आपल्याला पुण्याच्या शनिवार-रविवार पेठांइतकीच ओळखीची वाटतात. आज या दरवाज्यांखालून रिक्षा, दुचाकी, केळीच्या गाड्या जातात. तट अनेक ठिकाणी घरांच्या मागच्या भिंतींत मिसळून गेला आहे. उरलेल्या भागांची दुरुस्ती व्हायला हवी, याबद्दल कुणाचे दुमत नाही. प्रश्न आहे तो दुरुस्ती कशी करायची याचा.

आपल्याकडे जीर्णोद्धार म्हटले की पहिल्यांदा सिमेंटची गोणी येते. जुन्या विटांच्या भिंतीला हे औषध मानवत नाही. या भिंती चुन्यात बांधलेल्या आहेत. चुनखडी भट्टीत भाजायची, पाण्यात विझवायची, मुरवायची, मग वाळू आणि विटांची भुकटी म्हणजे सुरखी घालून घाणीत मळायची, ही जुनी रीत. भिंतीवर चढलेला चुना हवेतला कार्बन वायू हळूहळू शोषून पुन्हा चुनखडी होतो. तो जरा लवचीक असतो आणि त्यातून ओल बाहेर पडू शकते. पावसाळ्यात भिंत पाणी प्यायली, तरी उन्हाळ्यात ती वाळते. त्यावर सिमेंटचा कडक गिलावा चढवला की ओल आत अडकते, क्षार विटेत साठतात आणि वीट पिठासारखी झडू लागते. वरचा गिलावा धडधाकट दिसतो, आतली भिंत मात्र पोखरलेली असते. चकचकीत ऑइलपेंटचा परिणामही फार वेगळा नाही. सांध्यांत रुजलेला पिंपळ नुसता वरून तोडून भागत नाही. मूळ मारून फट चुन्यानेच भरावी लागते.

भारतीय पुरातत्त्व विभागाचे महासंचालक जॉन मार्शल यांनी १९२३ च्या आपल्या संवर्धन-पुस्तिकेत हाच विवेक धरला होता : जे आहे ते टिकवावे, नसलेले कल्पनेने रचू नये. १९५८ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांना संरक्षण मिळाले, आणि २०१० च्या दुरुस्तीने त्यांच्याभोवती शंभर मीटरपर्यंत नवे बांधकाम बंद झाले. २०२४ मध्ये इथला कुंडी भंडारा, ज्याला खूनी भंडाराही म्हणतात, युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेला. अब्दुर्रहीम खानखानानच्या काळात, १६१५ मध्ये सुरू झालेली ही भूमिगत पाणीयोजना जगाच्या नजरेत आली, याचा आम्हाला अभिमान आहे. शाही किल्ल्यातला चित्रांकित हमाम, उतावळी नदीजवळची शाहनवाज खानाची कबर, मुमताजला १६३१ मध्ये आधी जिथे पुरले तो तापीपलीकडचा आहुखाना, हे पाहायला पाहुणे येतात आणि यापुढे जास्त येतील.

पण पेठेतली आपली घरे कोणत्याच यादीत नाहीत. दगडी जोते, पातळ विटांच्या भिंती, सागवानी खांब, कोरीव तुळया आणि दाराच्या चौकटीवर गणेशपट्टी. हा दर्शनी भाग कायदा वाचवणार नाही. तो वाचला तर घरातल्या माणसांमुळेच वाचेल. वाटण्या होतात, मुले पुण्याला, इंदूरला, परदेशी जातात, घर बिल्डरकडे जाते. यात दोष कुणाचा नाही. जुन्या घरात संडास लांब, जिना अंधारा, छप्पर गळके. राहणाऱ्यालाच त्याचे हाल माहीत. घर म्हणजे संग्रहालय नव्हे, हे आम्हीही मानतो. म्हणूनच आमचे म्हणणे दर्शनी भागापुरते आहे. आतून घर हवे तसे नवे करा, रस्त्याकडचे तोंड राखा.

हे अशक्य नाही. पुण्यातला विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावाने बांधला. १८७९ च्या आगीत त्याचा मोठा भाग जळाला, तरी त्याचे लाकडी दर्शन पूर्वीच्या धर्तीवर पुन्हा उभे राहिले, आणि आजही पुणेकर तेच ओळखतो. मुंबईने तर १९९५ च्या वारसा नियमावलीत खासगी इमारतींचीही यादी केली.

आपल्याला मोठ्या निधीची वाट पाहण्याची गरज नाही. या दहा दिवसांत प्रत्येक घराने एवढे करावे. घराच्या दर्शनी भागाचे नीट फोटो काढून त्यावर घराचे नाव, पेठ आणि आजोबा-पणजोबांकडून ऐकलेले वर्ष लिहावे. डागडुजीला येणाऱ्या गवंड्याला आधी चुन्याचे काम येते का, ते विचारावे. ज्या जुन्या हातांना ते येते, त्यांची नावे मंडळाकडे द्यावीत. हा हुन्नर घरांच्याही आधी संपेल अशी भीती आहे. आणि घर पाडावेच लागले, तर गणेशपट्टी भंगारात घालू नये. नव्या दाराच्या चौकटीवर ती पुन्हा बसवावी.

मांडवातल्या मूर्तीचे आपण दरवर्षी विसर्जन करतो, कारण ती पुढच्या वर्षी परत येते. चौकटीवरच्या गणपतीला अशी परतीची वाट नसते. तो जिथे आहे तिथे राहिला, तर ‘तुम्ही मूळचे कुठले?’ या प्रश्नावर आपल्या नातवंडांना दाराकडे बोट दाखवता येईल.