बेट्टाचा रूममेट

एम.एस. करायला या देशात आलो, तेव्हा पहिलं सेमिस्टर आम्ही चौघांनी एका वन-बेडरूम अपार्टमेंटमध्ये काढलं. भांडणं झाली, ती मुख्यतः भांडी कुणी घासायची यावरून. पण कुणी कुणाला चावलं नाही. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी मुलीच्या वाढदिवसाला पाच गॅलनचा (म्हणजे साधारण १९ लिटरचा) फिशटँक आणला, त्यात एक निळाशार बेट्टा सोडला आणि ती म्हणाली, "बाबा, तो एकटा आहे ना रे!", तेव्हा मी फार विचार केला नाही. दुकानातला मुलगा म्हणाला, गप्पी चालतील. तीन रंगीत नर गप्पी आणले. दुसऱ्या दिवशी सकाळी एक तरंगत होता, एकाची शेपटी अर्धी गेली होती, आणि आमचे चिरंजीव कल्ले फुगवून तिसऱ्याच्या मागे लागले होते. मुलगी रडली. मग म्हणाली, "तू आधी वाचलं नव्हतंस का?"

रिक्वायरमेंट न वाचता कामाला लागू नका, असं क्लायंटला सांगण्यात माझी वीस वर्षं गेली आहेत. तेव्हा मुकाट्याने वाचायला बसलो, आणि वाचता वाचता पार सयामला जाऊन पोचलो.

बेट्टा मूळचा सयामचा, म्हणजे आजच्या थायलंडचा. (आईला फोनवर नाव सांगितलं तर ती म्हणाली, "माशाला बेटा काय म्हणता?") भाताची खाचरं, दलदल, संथ उथळ पाणी हे त्याचं घर. थाई भाषेत त्याला 'प्ला कात' म्हणतात, म्हणजे चावरा मासा. कोंबड्यांच्या झुंजी लावाव्यात तशा तिथे या माशांच्या झुंजी लावत आणि त्यावर पैजा चालत. झुंजी भरवण्याचा परवाना सरकारातून घ्यावा लागे आणि त्याचं बऱ्यापैकी उत्पन्न राजाच्या तिजोरीत जमा होई. शेतातल्या रानटी माशांचं भांडण लवकर मिटतं, कारण हरलेल्याला पळायला जागा असते. झुंजीसाठी पिढ्यानपिढ्या निवडून वाढवलेला मासा मात्र कितीतरी जास्त वेळ लढत राहतो. असे मासे एकेका बरणीत ठेवायचे, आणि एकमेकांना दिसू नयेत म्हणून दोन बरण्यांमध्ये आडोसा करायचा, ही तिथली जुनी रीत. थोडक्यात, बेट्टाला सोबत कुणाची द्यावी हा प्रश्न सयाममध्ये कुणाला पडलाच नव्हता.

१८४० च्या सुमारास सयामच्या राजाकडून मिळालेले असे काही मासे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतल्या थिओडोर कँटर या डॅनिश डॉक्टरच्या हाती आले. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात १८४९ साली त्याने त्यांची नोंद केली. पेनांगकडच्या एका माशाचाच हा प्रकार असावा असं समजून त्याने तो 'पग्नॅक्स' या नावाखाली घातला. पग्नॅक्स म्हणजे भांडखोर. पुढे १९१० साली लंडनच्या चार्ल्स टेट रीगनने ही जात वेगळी असल्याचं दाखवून तिला 'बेट्टा स्प्लेंडेन्स' हे नाव दिलं. स्प्लेंडेन्स म्हणजे झळाळणारा. स्वभाव होता तोच राहिला, कागदावर मात्र भांडखोराचा देखणा झाला!

याच काळात युरोपात घरात मासे पाळायचं वेड आलं होतं. इंग्लंडमध्ये १८४५ साली काचेवरचा कर उठला आणि काच स्वस्त झाली. लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञाने बारा गॅलनच्या काचपात्रात दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया नावाची पाणवनस्पती ठेवली. वनस्पती प्राणवायू देईल, मासे तो घेतील, पाणी बदलायची गरज नाही, असा त्याचा हिशेब. कागदावर उत्तम. पण पानं कुजली, शेवाळ माजलं, पाणी गढूळ झालं. तेव्हा त्याने तळ्यातल्या पाच-सहा गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पानं आणि शेवाळ फस्त केलं आणि काचपात्र पुन्हा स्वच्छ झालं. १८५० साली केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात हा प्रयोग छापून आला. पुढे तीन वर्षांत लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यगृह उघडलं. मला यातली मजा ही वाटते की घरगुती टँकच्या इतिहासात माशाचा विचारपूर्वक निवडलेला पहिला सोबती मासा नव्हता, गोगलगाय होती.

बेट्टा युरोपात आला तो १८७० च्या दशकात, पॅरिसला. त्याआधी १८६९ साली त्याचाच चुलतभाऊ शोभेल असा पॅराडाइज फिश चीनहून तिथे पोचला होता आणि प्येर कार्बोनिए या शौकिनाने त्याची पिल्लंही वाढवली होती. त्या काळच्या बोटींवर आठवडेच्या आठवडे डब्यात मासे जगवणं कठीण, पाण्यातला प्राणवायू संपून ते मरत. हे दोघे तगले, कारण त्यांच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर एक चक्रव्यूहासारखा अवयव असतो. पृष्ठभागावर येऊन ते सरळ हवा घेतात. पण ज्या गुणाने बेट्टा वाचला, त्याच गुणाने पुढे त्याची गोची केली. इथल्या दुकानांत तो दह्याच्या वाटीएवढ्या प्लास्टिकच्या कपात विकायला ठेवलेला दिसतो, तो त्यामुळेच. १९९० च्या दशकाच्या शेवटी तर फुलदाणीत वर पीस लिली आणि खाली मुळांमध्ये बेट्टा, अशी भेटवस्तू या देशात तुफान खपली. तो मुळं खाऊन जगतो, असं सांगत. मासा पक्का मांसाहारी! तगून राहणं वेगळं आणि सुखाने राहणं वेगळं, हे वन-बेडरूममध्ये राहिलेल्या माणसाला तरी समजायला हवं होतं.

एकाच टँकमध्ये देशोदेशीचे मासे एकत्र ठेवायची टूम विसाव्या शतकात रुजली. सयामचा बेट्टा, त्रिनिदादचा गप्पी, ॲमेझॉनचा निऑन टेट्रा (हा १९३६ पासून शौकिनांना ठाऊक झाला), ही मंडळी निसर्गात कधीच एकमेकांना भेटली नसती. गप्पीचा आणि गप्पांचा काही संबंध नाही, बरं का. त्रिनिदादमधल्या लेचमियर गप्पी नावाच्या गृहस्थांवरून १८६६ साली त्या माशाचं नाव पडलं. आपल्याकडे डास मारण्यासाठी विहिरींत, हौदांत सोडतात तेच हे गप्पी. नर गप्पीची ती रंगीत, फडफडणारी शेपटी पाहून बेट्टाला वाटतं, दुसरा बेट्टाच आला. आमच्याकडे नेमकं हेच झालं.

उलट बाजूही आहे. शौकिनांनी निवडून निवडून बेट्टाचे पर लांब आणि झिरझिरीत केले. देखणे, पण लुगड्याचा घोळ आवरत पोहावं तसं त्याचं होतं. टायगर बार्बसारखे खोडकर मासे ते पर कुरतडतात आणि त्याला पळताही येत नाही. म्हणजे सोबती निवडताना बेट्टा कुणाला मारेल एवढंच पाहून भागत नाही, त्याला कोण छळेल हेही पाहावं लागतं. निऑन स्वभावाने बरे, पण त्यांना निदान सहा जणांचा घोळका लागतो आणि पाच गॅलनमध्ये तेवढी जागा नाही. गोल्डफिशला गार पाणी लागतं, बेट्टाला २५-२७ अंश. गुरामी तर भाऊबंदच, त्यामुळे भाऊबंदकी ठरलेली. या यादीवर काट मारत मारत मी शेवटी वॉरिंग्टनपाशीच आलो.

उरलेले दोन्ही गप्पी एका मित्राच्या मोठ्या टँकमध्ये पाठवले. आमच्या टँकमध्ये आता झाडं दाट आहेत आणि एक नेराइट गोगलगाय आहे. ही गोड्या पाण्यात पिल्लं वाढवत नाही, त्यामुळे टँक गोगलगायींनी भरण्याची भीती नाही. शिवाय तीन अमानो कोळंब्या. ताकाशी अमानो या जपानी छायाचित्रकाराने शेवाळ खाण्यासाठी १९८० च्या दशकात त्या टँकमध्ये वापरायला सुरुवात केली, म्हणून हे नाव. चांगल्या दोन इंचांपर्यंत वाढतात. जवळ्याएवढ्या बारीक कोळंब्या आणल्या असत्या, तर बेट्टाने एका बैठकीत संपवल्या असत्या. (कोळंबी म्हटल्यावर सौ.च्या डोळ्यांत जी चमक आली, तिची मला बेट्टापेक्षा जास्त काळजी वाटली.)

पहिले दोन दिवस तो गोगलगायीसमोर कल्ले फुगवून उभा राहायचा. ती शंखात जायची, तो कंटाळून निघून जायचा. आता तिच्या पाठीवरून पोहत जातो, वळूनही बघत नाही. मुलगी रोज शाळेतून आली की आधी डोकी मोजते. काल तीनपैकी दोनच कोळंब्या सापडल्या. तिसरी फिल्टरमागे दडली असावी. मी टॉर्च घेऊन बघणार आहे.