हौशी ट्रॅकवर घरची मोटार : सस्पेन्शनची जुळणी

रोजच्या वापरातील मोटार शर्यतीच्या ट्रॅकवर हौसेखातर चालवता येईल, अशा जागा भारतात मोजक्याच आहेत. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथील ३.७१७ किलोमीटरचा ट्रॅक १९९०मध्ये सुरू झाला. कोइम्बतूरजवळील करी मोटर स्पीडवे जेमतेम दोन किलोमीटरचा आहे. ग्रेटर नोएडातील बुद्ध इंटरनॅशनल सर्किट ५.१२५ किलोमीटर लांब असून त्यावर १६ वळणे आहेत. २०११ ते २०१३ या काळात तेथे फॉर्म्युला वनच्या तीन शर्यती झाल्या. मुंबई-पुण्याच्या हौशी चालकाला यांपैकी कोणत्याही ट्रॅकवर पोचण्यासाठी हजाराहून अधिक किलोमीटरचा प्रवास करावा लागतो. ज्याच्याकडे मोटार वाहून नेणारा ट्रक नाही, तो ज्या मोटारीने जातो तीच ट्रॅकवर चालवतो आणि तिनेच घरी परततो. सस्पेन्शनमध्ये कोणताही बदल करताना ही गोष्ट आधी ध्यानात घ्यावी लागते.

स्प्रिंगा कडक केल्या आणि मोटार जमिनीलगत बसवली की ती वळणावर घट्ट धरून राहते, असा समज सर्वत्र आढळतो. तो अर्धाच खरा आहे. सस्पेन्शनचे मुख्य काम चारही टायर रस्त्याला शक्य तितके सपाट आणि सतत टेकलेले ठेवणे हे होय.

भाराचे गणित

मोटार वळते तेव्हा आतल्या चाकांवरील भार बाहेरच्या चाकांवर सरकतो. १,००० किलो वजनाची छोटी मोटार घेतली, तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंटिमीटर उंच आणि डाव्या-उजव्या चाकांमधील अंतर १४५ सेंटिमीटर मानले, तर गुरुत्वबलाच्या ०.८ पट जोराने वळताना सुमारे ३०० किलो भार एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जातो. म्हणजे आतल्या दोन चाकांवर २०० किलो उरतात आणि बाहेरच्या दोन चाकांवर ८०० किलो येतात. स्प्रिंगा कितीही कडक केल्या तरी या आकड्यात नाव घेण्याजोगा फरक पडत नाही. तो गुरुत्वमध्याची उंची, चाकांमधील रुंदी, वजन आणि वळण्याचा जोर यांवरच ठरतो.

सस्पेन्शनच्या हाती आहे ती या भाराची पुढील व मागील चाकांतील वाटणी. टायरवरील भार दुप्पट झाला तरी त्याची पकड दुप्पट होत नाही; थोडी कमीच वाढते. त्यामुळे मोटारीचा जो भाग अधिक कडक, त्या भागाच्या बाहेरच्या टायरवर जास्त ओझे पडते आणि तोच भाग आधी घसरू लागतो. पुढचा भाग कडक केला तर नाक वळणाबाहेर जाते. यास अंडरस्टिअर म्हणतात. मागचा भाग कडक केला तर शेपूट बाहेर सुटते, ते ओव्हरस्टिअर.

भारतातील बहुतेक छोट्या मोटारींत इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना मिळते, आणि कारखान्यातून त्या हेतुपुरस्सर अंडरस्टिअरकडे झुकलेल्या येतात. नवख्या चालकासाठी तेच सुरक्षित असते. ट्रॅकवर मात्र हा स्वभाव कंटाळवाणा वाटतो आणि मागचा अँटिरोल बार जाड करण्याचा मोह होतो. या दांड्याचा पिळाला होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. २० मिलिमीटरच्या जागी २२ मिलिमीटरचा भरीव दांडा घातला, तर कडकपणा सुमारे ४६ टक्क्यांनी वाढतो. कागदावर दोन मिलिमीटर, वळणावर जवळपास निम्मी भर.

खरा धोका त्यानंतरचा आहे. वेगाने वळत असताना वेग जास्त झाल्याची भीती वाटली की नवखा चालक ॲक्सिलरेटरवरील पाय झटकन उचलतो. भार पुढे सरकतो, मागची चाके हलकी होतात आणि आधीच कडक केलेला मागचा भाग सुटतो. मूळ स्थितीत जी मोटार नाक पुढे करून हळूहळू मंदावली असती, तीच आता गिरकी घेते. ओल्या ट्रॅकवर हे आणखी लवकर घडते. म्हणूनच अनुभवी चालक पाऊस आला की कडकपणा वाढवत नाहीत, उलट कमी करतात.

आधी हवा, मग कोन

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक जुळणी म्हणजे टायरमधील हवा. थंड टायरमध्ये ३२ पौंड हवा असेल आणि आतील हवेचे तापमान ३० अंशांवरून ७० अंशांवर गेले, तर दाब ३८ पौंडांच्या आसपास पोचतो. फुगलेल्या टायरचा मधलाच पट्टा रस्त्याला टेकतो. त्यामुळे चार-पाच वेगवान फेऱ्या मारून बाहेर येताच, टायर गरम असतानाच दाब मोजावा आणि चारही टायरांची नोंद वहीत ठेवावी. बुद्ध सर्किटवर मोटारी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने धावतात. अशा ट्रॅकवर डाव्या बाजूचे टायर अधिक तापतात, हे नोंदींवरून लगेच दिसते. टायरच्या कडेवर खडूने रेघ ओढली की टायर कोठपर्यंत लवंडतो, तेही कळते. हा उपाय जुना असला तरी कोणत्याही यंत्राइतकाच बोलका आहे.

यानंतर चाकांचे कोन. छोट्या मोटारींत पुढे बहुधा मॅकफर्सन स्ट्रट असतो. या रचनेत मोटार बाहेर झुकली की बाहेरचे चाकही तिच्याबरोबर बाहेर झुकते आणि टायर बाहेरच्या कडेवर चालू लागतो. चाकाचा माथा आधीपासून दीड ते अडीच अंश आत झुकवला, म्हणजेच निगेटिव्ह कॅम्बर दिला, तर वळणावर तो टायर सपाट टेकतो. किंमत मोजावी लागते ती महामार्गावर. तेथे टायरची आतली कड झिजते आणि सरळ रेषेत ब्रेक मारताना पकड थोडी घटते. कॅम्बर बदलला की चाकांचा टो, म्हणजे वरून पाहता चाकांचा आत-बाहेरचा रोख, हाही बदलतो. त्यामुळे व्हील अलाइनमेंट पुन्हा करून घेणे अनिवार्य ठरते. मागे टॉर्शन बीम असेल तर हे कोन सहज बदलता येत नाहीत, आणि हौशी चालकाने त्याच्या नादी न लागलेले बरे.

मोटार खाली बसवणे

मोटार खाली आणली की गुरुत्वमध्य खाली येतो, हे खरे. परंतु मॅकफर्सन रचनेत खालचे आर्म वरच्या दिशेने तिरपे होतात आणि मोटार ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलते तो बिंदू गुरुत्वमध्याहूनही जास्त खाली सरकतो. दोहोंतील अंतर वाढते. परिणामी स्प्रिंगा तेवढ्याच कडक असतील, तर खाली बसवलेली मोटार पूर्वीपेक्षा अधिक झुकू शकते. शिवाय स्प्रिंगची हालचाल कमी उरते. भर वळणात सस्पेन्शन बंप स्टॉपच्या रबरावर आदळले की ते कोपऱ्यातले चाक क्षणात कडक होते आणि पकड अचानक तुटते. गॅरेजमध्ये स्प्रिंगचे वेटोळे कापून मोटार खाली आणण्याचा प्रकार तर निखालस टाळावा. कापलेली स्प्रिंग अधिक कडक होते, आपल्या बैठकीत नीट बसत नाही आणि चाक हवेत लटकले तर निसटूही शकते.

शॉक ॲब्सॉर्बर स्प्रिंगेला साजेसे हवेत. कडक स्प्रिंगेसोबत मूळचे मऊ किंवा थकलेले शॉक ॲब्सॉर्बर ठेवले, तर प्रत्येक उंचवट्यावर चाक उसळत राहते आणि उसळलेल्या चाकाला पकड नसते. अनेकदा नवे महाग सुटे भाग बसवण्याआधी जुने शॉक ॲब्सॉर्बर व झिजलेले बुश बदलले, तरी चालकाला हवा असलेला फरक तेवढ्यातच मिळून जातो. बदल एका वेळी एकच करावा. दोन बदल एकत्र केले की कोणत्याने काय झाले, हे सांगता येत नाही.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२नुसार निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. खासगी मोटारीच्या नेहमीच्या विमा पॉलिसीत संघटित शर्यत आणि वेगचाचणी यांसाठीचा वापर वगळलेला असतो. ट्रॅकवर झालेल्या नुकसानीचा खर्च बहुधा मालकालाच सोसावा लागतो.

दिवस संपल्यावर चाकांच्या नटांची घट्ट पकड पुन्हा तपासावी. ट्रॅकसाठी कमी केलेली हवा टायर पूर्ण थंड झाल्यावर मूळ दाबापर्यंत भरावी. गरम टायरवरील ३२ पौंड थंड होताच सव्वीसच्या आसपास उतरतात, आणि सामानासह महामार्गावर रात्रभर धावणाऱ्या मोटारीला तेवढी हवा पुरत नाही.