डबा पोचला, पण भरला कुणी? जुन्नर-आंबेगावच्या डब्याचा आणि पेटीचा इतिहास

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, हा काय इतिहासाचा विषय झाला? विषय आहे कामावर न्यायचा डबा भरणं आणि पसरलेलं कपाट आवरणं. रोजच्या रोज, न संपणारी, कंटाळवाणी दोन कामं. पण जुन्नर आणि आंबेगाव या आमच्या दोन तालुक्यांत या कामांना सव्वाशे वर्षांपेक्षा मोठा इतिहास आहे. त्यातला अर्धा जगाला पाठ आहे. उरलेला अर्धा कुणी नीट लिहून ठेवला नाही. आज त्या उरलेल्या अर्ध्याबद्दल बोलूया.

आधीच सांगतो, मी काही इतिहासाचा अभ्यासक नाही. आंबेगाव तालुक्यातला, बीटेक केलेला, पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी करणारा माणूस आहे. त्यामुळे माझे प्रश्न आमच्या धंद्यातले असतात. काम सुरू कुठून होतं? कुणाकुणाच्या हातातून जातं? आणि नोंद कुठल्या टप्प्यापासून ठेवली जाते? हा शेवटचा प्रश्न आज महत्त्वाचा आहे, तो जरा लक्षात ठेवा.

घाटाखाली जायची वाट

सुरुवात रस्त्यापासून करू, कारण डबा ही मुळात रस्त्यावरच्या माणसाची वस्तू आहे. जुन्नरहून कल्याणच्या बंदराकडे जाणारी नाणेघाटाची वाट सातवाहनांच्या काळापासून वाहती आहे. घाटमाथ्यावरच्या लेण्यात नागनिका राणीचा म्हणून ओळखला जाणारा ब्राह्मी शिलालेख आहे. यज्ञात काय काय दान दिलं त्याची त्यात मोठी यादी आहे : गाई, घोडे, नाणी, आणि प्रत्येकाचा आकडा. भारतात आकडे चिन्हांनी लिहिल्याचे जे फार जुने पुरावे आहेत, त्यांत हा लेख मोडतो. जवळच दगडात कोरलेला मोठा रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत असत, असं आमच्याकडे सगळे सांगतात.

म्हणजे बघा, किती वस्तू निघाल्या आणि किती पोचल्या, हे मोजून ठेवायची रीत या भागाला नवी नाही. मात्र घाट चढणाऱ्या बैलामागच्या माणसाच्या फडक्यात काय बांधलेलं होतं, हे कुठल्या लेखात नाही. ते शोधायचं तर घरात जावं लागतं.

शिदोरी : न विटणारं जेवण

आमच्याकडे त्याला शिदोरी म्हणतात. पूर्वेकडे पाऊस कमी, तिथे बाजरीची भाकरी. पश्चिमेकडे डोंगरात भात आणि नाचणी. सोबत ठेचा, कांदा, शेंगदाण्याची नाहीतर कारळ्याची चटणी. लांबचा प्रवास असेल तर दशम्या. दशमीचं पीठ पाण्याऐवजी दुधात मळतात, त्यामुळे ती साध्या भाकरीपेक्षा जास्त टिकते आणि मऊ राहते. आता या पदार्थांत सारखं काय आहे ते पाहा. रस्सा नाही. सांडत नाही, लवकर विटत नाही, एका हातात धरून खाता येतं, आणि खायला ताट लागत नाही. हॉटेलात शिदोरी थाळी म्हणून जे मिळतं त्याची चव चांगलीच असते, पण हा मेनू चवीसाठी ठरलेला नव्हता. माणूस किती तास घराबाहेर राहणार, यावरून तो ठरलेला होता.

आणि ते तास वाढत गेले. १८५४ मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली. पुढच्या काही दशकांत गिरण्या वाढल्या आणि त्यांना माणसं लागली. कोकणातून आली तशी घाटावरूनही गेली. आमच्या पश्चिम पट्ट्यात पाऊस उदंड, पण पीक एकच. भात काढला की पुढे काय, हा प्रश्न घरोघर होता. मग नाणेघाट, माळशेज, आहुपे अशा वाटांनी माणसं खाली उतरायची. आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा बाबू गेनू असाच मुंबईला गेलेला गिरणी कामगार. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीत परदेशी कापडाचा ट्रक अडवताना तो गेला, तेव्हा त्याचं वय होतं २२. डिंभे धरणाच्या जलाशयाला त्याचं नाव आहे. पण तो एकटा नव्हता. त्याच्याच वयाची हजारो मुलं तेव्हा मुंबईत राबत होती, आणि प्रत्येकाच्या मागे गावात एक चूल होती.

पेटी : दोन फुटांचं कपाट

आता कपाटाकडे येऊ. गावातल्या जुन्या घरात कपाट नव्हतंच, पण प्रत्येक वस्तूला जागा होती. भिंतीत कोनाडे आणि फडताळ. कपड्यांना दांडी. धान्याला कणगी. दूध-दही मांजरापासून वाचवायला आढ्याला टांगलेलं शिंकं. आणि कोपऱ्यात उतरंड : सगळ्यात मोठं मडकं खाली, त्यावर त्याहून लहान, असं वरपर्यंत. उतरंडीत डाळी, बियाणं, आणि कुठल्या तरी मधल्याच मडक्यात बाईने बाजूला टाकलेले चार पैसे. कुठल्या मडक्यात, हे तिलाच माहीत.

हाच माणूस मुंबईला गेला की त्याचं सगळं घर एका पत्र्याच्या पेटीत मावायचं. बीडीडी चाळीतली खोली साधारण १६० चौरस फुटांची. या चाळी १९२०च्या दशकात उभ्या राहिल्या. अशा एकेका खोलीत, नाहीतर गाळ्यात, एका गावची दहा-पंधरा माणसं राहायची. दिवसपाळीचा उठून गेला की रात्रपाळीचा त्याच जागेवर आडवा व्हायचा. माणशी एक पेटी, एक वळकटी, एक खुंटी. पेटीबाहेर पसारा झाला तर दुसऱ्याला पाय पसरायला जागा नाही.

माझे आजोबा १९५०च्या दशकात गिरणीत लागले आणि १९८२च्या संपानंतर गावी परतले. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला तो संप, ज्यात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले होते. आजोबांची पेटी अजून आमच्या घरी आहे. तळाशी सणाचे कपडे, त्यावर रोजचे, कडेला दाढीचं सामान, झाकणाच्या आतल्या बाजूला कागदपत्रं आणि पोस्टाच्या पावत्या. जे रोज लागतं ते वर, जे वर्षातून एकदा लागतं ते खाली. आज इंटरनेटवर कपाट आवरायचे जे व्हिडिओ लाखो लोक बघतात, त्यांत हाच नियम सांगतात. आजोबांना तो कुणी शिकवला नव्हता. खोलीतल्या इतर चौदा माणसांनी तो पाळायला लावला होता.

म्हणून नीटनेटकेपणाला स्वभाव म्हणायला मी तयार नाही. ज्याच्याकडे जागा कमी आणि वेळ दुसऱ्याच्या ताब्यात, त्याला ती शिस्त पाळावीच लागते.

जगाने मोजलेला अर्धा भाग

याच माणसांतून डबेवाले उभे राहिले. १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी मुंबईत डबे पोचवायचं काम सुरू केलं, असं डबेवाल्यांची संघटना सांगते. यात काम करणारी माणसं मुख्यतः जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ, मुळशी आणि शेजारच्या अकोले-संगमनेरची. का? कारण भरती ओळखीतून व्हायची. गावातून मुंबईला निघालेला प्रत्येक जण दुसऱ्यांच्या घरची गाठोडी घेऊन जायचा, हे आमच्याकडे आधीपासून चालत होतं. ज्याच्या हाती आईने चटणी दिली, त्याने ती पोचवली नाही तर गावात तोंड दाखवायला जागा नाही. डबेवाल्यांची सचोटी या गाठोड्यांतून आली असावी, असं मला वाटतं.

त्यांची पद्धत आम्हा इंजिनिअरांना भुरळ घालणारी आहे. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास घरोघरचे डबे गोळा, स्टेशनवर वर्गवारी, लोकलने प्रवास, उतरल्यावर पुन्हा वर्गवारी, आणि साडेबारा-एकपर्यंत जेवणाऱ्याच्या टेबलावर. एक डबा वाटेत तीन-चार हातांतून जातो. झाकणावर रंगाने लिहिलेली खूण : डबा कुठल्या स्टेशनचा, कुठल्या भागात जाणार, कोण पोचवणार, कुठली इमारत, कितवा मजला. कागद नाही, संगणक नाही. जेवून झालं की तोच डबा उलट्या वाटेने घरी.

१९९८ मध्ये फोर्ब्ज मासिकाने त्यांच्यावर लिहिलं आणि पुढे 'सिक्स सिग्मा' हा शब्द त्यांना चिकटला. सिक्स सिग्मा म्हणजे दहा लाखांत ३.४ चुका. २००३ मध्ये तेव्हाचे प्रिन्स चार्ल्स त्यांना भेटायला चर्चगेटला आले. २०१० मध्ये हार्वर्ड बिझनेस स्कूलने त्यांच्यावर केस स्टडी केली. कौतुक झालं ते योग्यच झालं.

न मोजलेला अर्धा

आता तो सुरुवातीचा प्रश्न. नोंद कुठून सुरू होते?

डबा उचलला, तिथून. झाकणावरच्या खुणेत स्टेशन आहे, इमारत आहे, मजला आहे. डबा भरणारीचं नाव नाही. ते लागत नाही, म्हणून नाही, हे मला कळतं. पण हिशोब करा. डबेवाला दारात थांबू शकत नाही, पुढची लोकल त्याच्यासाठी थांबणार नाही. म्हणजे ही वेळेवर चालणारी साखळी त्याच्या आधी, पहाटे कुठल्या तरी स्वयंपाकघरात सुरू झालेली असते. रोज त्याच मिनिटाला डबा भरून, झाकण लावून, दारात तयार. तिथे उशीर झाला तर पुढची सगळी हुशारी वाया. दहा लाखांत किती चुका हे मोजताना या बायकांच्या वक्तशीरपणाचा आकडा कुणी काढला नाही. २०१३ च्या 'द लंचबॉक्स' सिनेमात एक डबा चुकीच्या माणसाकडे जातो, आणि त्या गोष्टीमुळे पडद्यावर डबा भरणारी बाई दिसते. चूक झाली म्हणून दिसते, हे विशेष.

गिरणगावात ज्यांचं घर मुंबईत नव्हतं ते खानावळीत जेवायचे. खानावळी चालवणाऱ्या बहुतेक बायकाच. दहा बाय बाराच्या खोलीत स्वतःचा संसार आणि तिथेच महिना ठरवून जेवणाऱ्यांच्या पंगती. संपात पगार थांबला की उधारीवर जेवू घालणाऱ्याही त्याच, आणि त्यापायी कर्जात बुडणाऱ्याही त्याच. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि या बायकांना बँकेचं कर्ज मिळायला लागलं, तेव्हा पहिल्यांदा त्यांच्या कामाला कागदावर काम म्हटलं गेलं.

आणि गावात? तिथे तर कागदच नाही. मी आजीला विचारलं, आजोबा मुंबईला असताना काय काय पाठवायचीस. तिने न अडखळता यादी सांगितली. सातूचं पीठ, हिरव्या मिरचीचा सुकवलेला ठेचा, तीळ-खोबऱ्याचा कूट, भाजलेल्या शेंगा, कुरडया. कुणाच्या हाती पाठवलं, कुठला डबा परत आला आणि कुठला आला नाही, हेही तिला आठवत होतं. एक पितळी डबा १९६८ साली गेला तो आलाच नाही. तिच्या लेखी ते प्रकरण अजून मिटलेलं नाही. त्याच वर्षांत शेती, दोन म्हशी, सासू-सासरे आणि चार मुलं तिनेच सांभाळली. घरखर्चाचा ताळमेळ उतरंडीतल्या मडक्यातून. आजोबांच्या पेटीत पावत्या सापडतात. आजीच्या कामाची पावती नाही, तिची आठवण हीच पावती.

आता

कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, पूर्वेकडे पाणी आलं, ऊस, कांदा, टोमॅटो, द्राक्षं आली. नारायणगावच्या टोमॅटो बाजारात माल पाठवणाऱ्या शेतांवर सकाळी पिकअपमधून बायका तोडणीला उतरतात. प्रत्येकीच्या हातात पिशवी, पिशवीत स्टीलचा डबा, भाकरी आणि कोरडी भाजी. शंभर वर्षांत एक फरक पडला : डबा भरणारी आणि डबा नेणारी आता एकच बाई आहे. पहाटे घरच्या सगळ्यांचे डबे भरून सगळ्यात शेवटी स्वतःचा. घाईत राहतो तोही तोच.

तिकडे मुंबईत कोविडनंतर डबेवाल्यांची संख्या खूप घटली. ऑफिसं घरात आली, जेवण ॲपवर आलं. आम्ही चार मित्र पुण्यात एका फ्लॅटमध्ये राहतो, म्हणजे आमचाही गाळाच. माणशी एक कपाट, आणि डब्याला मावशी येतात. आमच्या फ्लॅटच्या ग्रुपवर भाडं, वीज, वायफाय यांचा पैन् पै हिशोब आहे. मावशींच्या नावापुढे मात्र एकच रक्कम आहे. त्या किती वाजता उठतात, त्यांच्या मुलांचा डबा कोण भरतं, याला आमच्या शीटमध्ये रकाना नाही.

तर मंडळी, आजच्या भागाचा गृहपाठ. घरात आजी असेल, आई असेल, मामी, काकू, कुणीही, तर फोनचं रेकॉर्डिंग सुरू करा आणि फक्त दोन प्रश्न विचारा. बाहेरगावी राहणाऱ्या माणसाला काय बांधून द्यायचात? आणि घरात काय कुठे ठेवायचात? उत्तर अर्धा तास चालेल, मधे तोडू नका. मग ते लिहून काढा, गावाचं नाव आणि साल घाला. आपल्या तालुक्यांच्या इतिहासाचा राहिलेला अर्धा भाग असाच गोळा होणार आहे, आणि तो सांगू शकणाऱ्या बायका आता ऐंशीच्या पुढे आहेत.

पुढच्या भागात भेटू. तोवर काळजी घ्या, आणि उद्याचा डबा भरून मिळाला तर आधी भरणाऱ्याला विचारा, तुझा भरला का?