खासगी मालकीच्या सार्वजनिक जागा (न्यूयॉर्क)

जमीन आणि देखभाल इमारतमालकाची, पण वावराचा हक्क सर्वांचा, अशा अटीवर राखलेल्या मोकळ्या जागा. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून त्यांना ‘पॉप्स’ म्हणतात.

यांचा उगम शहराच्या 1961 च्या बांधकाम नियमावलीत आहे. पार्क ॲव्हेन्यूवरची सीग्रॅम इमारत (1958, वास्तुरचनाकार मीस व्हान डर रोह) रस्त्यापासून मागे सरकवून तिच्यापुढे प्रशस्त प्लाझा सोडलेला होता. तसे प्लाझे इतरांनीही सोडावेत म्हणून नियमावलीत आमिष ठेवले गेले. दाट वस्तीच्या व्यापारी भागात प्लाझाच्या दर चौरस फुटामागे 10 चौरस फूट जादा बांधकाम मिळे आणि चटईक्षेत्र निर्देशांक 15 वरून 18 पर्यंत जाई. पालिकेची तिजोरी उघडली नाही, म्हणून या जागा फुकट मिळाल्या असे मानणे चूक. वाढीव मजल्यांची गर्दी आणि सावली शहराच्याच वाट्याला आली.

बदल्यात मिळाले काय? नियमाने फक्त क्षेत्रफळ मागितले होते, त्यामुळे अनेकांनी उघडीबोडकी फरसबंदी केली आणि कोणी बसू नये म्हणून कठड्यांना खिळे ठोकले. नागरी जीवनाचे अभ्यासक विल्यम व्हाइट यांनी 1970 च्या दशकात प्लाझांवर कॅमेरे लावून लोकांच्या वावराचे चित्रण केले. लोक बसायला सोय असते तिथे बसतात, हा त्यांचा निष्कर्ष ऐकायला बाळबोध वाटतो. मात्र तोवर तो नियमांत कुठेच नव्हता. 1975 च्या दुरुस्तीने दर 30 चौरस फुटांमागे एक फूट लांबीची बैठक सक्तीची केली. झाडे आणि माहितीफलकही आवश्यक ठरले.

आराखडा सुधारला तरी देखरेख ढिलीच राहिली. नगररचनेचे अभ्यासक जेरोल्ड केडन यांनी शहर नियोजन विभाग व म्युनिसिपल आर्ट सोसायटी यांच्यासह केलेल्या पाहणीत (2000) 320 इमारतींतल्या 503 जागा नोंदल्या गेल्या. त्यांपैकी 41 टक्के जागा जेमतेम उपयोगाच्या होत्या. निम्म्या इमारतींत नियमभंग दिसला: बंद फाटके, उपाहारगृहांनी पसरलेली टेबले, सार्वजनिक जागेतून हुसकावणारे पहारेकरी.

झुकोटी पार्क हे या जागांतले सर्वांत गाजलेले नाव. 1968 मधली ही जागा चोवीस तास खुली ठेवण्याचे बंधन मालकावर होते, तर पालिकेची उद्याने रात्री बंद होत. त्यामुळे 17 सप्टेंबर 2011 ला आर्थिक विषमतेविरुद्धच्या ‘ऑक्युपाय वॉल स्ट्रीट’चे आंदोलक इथे मुक्कामाला बसू शकले. मालक कंपनीने तंबू ठोकण्यास आणि आडवे होण्यास बंदी करणारे नियम मागाहून जाहीर केले. 15 नोव्हेंबरच्या पहाटे पोलिसांनी जागा रिकामी केली.

मुंबईतल्या गृहसंकुलांतील ‘आर.जी.’शी (रिक्रिएशन ग्राउंड) या जागांची गल्लत करू नये. ते मैदान रहिवाशांसाठी सोडावे लागते, बाहेरच्यांना तिथे हक्क नाही.