जुना तोफगोळा घरात ठेवू नका

नगरजवळच्या के. के. रेंजवर लष्कर तोफांचा सराव करते. तिथले न फुटलेले गोळे भंगारासाठी उचलताना, तोडताना गावकऱ्यांचे जीव गेले आहेत. कुणी असा गोळा शोकेसमध्येही ठेवतो. गंजला म्हणजे निकामी झाला, असे आपण समजतो. पण आतली टीएनटी दारू अनेक दशके टिकते. डागूनही न फुटलेला गोळा तर फारच वाईट! त्याचा फ्यूज उडतानाच सज्ज झालेला असतो, मग नुसता धक्काही पुरतो. रिकामा की भरलेला, हे नजरेने कळत नाही. आम्ही वर्गातही हेच सांगतो: दादा-नानांची आठवण असली तरी हात लावू नका, घासूनपुसून चकचकीत करू नका. सगळ्यांना घेऊन बाहेर पडा, ११२ वर फोन करा. पोलीस बॉम्बशोधक पथक बोलावतात. पिशवीत घालून ठाण्यात नेण्याची बहादुरी नकोच.